खालची मोटर, वरची टाकी

३ जुलै, गुरुवार

इलेक्ट्रॉनिक सिटी ते हेब्बाळ. दोन बस, एक रिक्षा, अख्खं बंगळूर उभं कापायचं. मराठी बोलायला एवढं लांब जाणारी बाई शहरात दुसरी नसेल. नवीनला, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाला, वाटतं मी संशोधनाला जाते. जातेच की. पण दर गुरुवारी संशोधन कशाला लागतं, हे त्याने विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही.

सुमाअक्का खाली, कुंदाअक्का वर. सख्ख्या जावा. नवरे भाऊ-भाऊ, एकाच सरकारी कारखान्यात इंजिनियर. दोघांनी मिळून घर बांधलं आणि दोघेही गेले. आता घरात या दोघी, आणि एकमेकींशी शब्द नाही. कित्येक वर्षं. मी आधी खाली बसते, मग जिना चढून वर. वर गेल्यावर कुंदाअक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला, खाली खायला काय केलं होतं? सांगितलं की नाक मुरडतात. मग तेच पुढच्या आठवड्यात वर होतं.

बोलत नाहीत, पण पाण्याचं काय करणार? मोटरचं बटण खालच्या व्हरांड्यात, टाकी वर गच्चीत. कुंदाअक्का उलथनं घेऊन पाइपावर एकदा हाणतात, की खाली मोटर चालू. दोनदा हाणलं, की बंद. सुमाअक्कांच्या मुलाने अमेरिकेहून येऊन आपोआप बंद होणारं यंत्र बसवलं होतं. सुमाअक्कांनी ते महिन्यात काढून टाकायला लावलं, आणि वरून एका अक्षराची तक्रार आली नाही.

हे मी टिपून घेतलं. नाटकवाल्यांची जातच हलकट.

सुमाअक्कांनी आज पुन्हा विचारलं, "नाटकात तू नक्की काय करतीस गं?" म्हटलं, दिग्दर्शक नाही, लेखिका नाही, नटी नाही. ड्रामाटर्ग म्हणतात. नाटक कशाबद्दल आहे ते सगळ्यांना आठवून द्यायचं, नको ते कापायचं, प्रश्न विचारायचे. "म्हणजे लग्नातली आत्याबाई," म्हणाल्या. "सगळ्यात नाक, कशाला हात नाही." इतकी अचूक व्याख्या मला आजवर कुणी दिली नव्हती.

८ जुलै

तालीम. सकाळी कानडी संवाद तपासले, दुपारी मेघनाला नऊवारी आणि सहावारीतला चालण्याचा फरक दाखवला, मग पहिला अंक कापला. कात्री माझी, शिव्या मला. जे राहिलं त्याचं कौतुक नवीनला. असो.

नाटक अशाच घरांमधल्या बायकांचं. कारखान्याच्या पगारावर बांधलेली घरं, मुलं परदेशी, मागे बायका. खऱ्या बायकांशी बोलून, त्यांच्या परवानगीने, त्यांचेच शब्द घेऊन रचलेलं. बरंचसं कानडी, मध्येमध्ये मराठी. माझा एकच नियम आहे : ज्याचे शब्द, त्याला आधी वाचून दाखवायचे. त्याने हो म्हटलं तरच रंगमंचावर. नवीन या नियमाला माझं सोवळं म्हणतो.

आज म्हणाला, पात्रं फार झालीत, या दोन जावांची एक बाई कर. मेघना एकटीच आहे, दुसरी नटी आणायची कुठून? केली. बसल्या बैठकीला केली. दोघींची वाक्यं एका तोंडात अशी बसली की शिवण दिसेना. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचा प्रवेशही जमला. खऱ्या घरात ती भानगडच आहे. सासूबाई गेल्या, चुली वेगळ्या झाल्या, भांडी वाटली, आणि महालक्ष्मीचे मुखवटे? थोरली आणि धाकटी, जोडीनेच बसवायच्या असतात त्या. पण भाऊ पडले इंजिनियर. दोन वस्तू, दोन घरं, एक-एक वाटून मोकळे झाले. थोरली खाली गेली, धाकटी वर. तेव्हापासून जावांचा अबोला.

माझ्या नाटकात बाई एकच, मग तिच्याकडे मुखवटेही दोन्ही. सोपं झालं.

स्वतःवर खूश होऊन आले घरी. सांगायला कुणी नव्हतं. लिफ्टमधल्या मुलाला "हाय" म्हटलं, त्याच्या कानात हेडफोनची बोंडं.

१३ जुलै, रविवार

काही नाही.

सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि "उतू जाऊ नको रे बाबा" असं मोठ्याने म्हणाले. दिवसभरातलं माझं मराठी एवढंच.

श्री.च्या नोकरीसाठी आलो होतो या शहरात. श्री. पुढे दुसऱ्या शहरात गेला आणि दुसऱ्या संसारातही. मी राहिले, सामान हलवायचा कंटाळा म्हणून. लोकांना हेच सांगते, आणि आता बऱ्यापैकी खरंही वाटतं.

गुरुवार अजून लांब आहे.

१७ जुलै, गुरुवार

वाट लागली.

हौसेने गेले वाचून दाखवायला. सुमाअक्कांनी कॉफी गाळली, पदर खोचून समोर बसल्या. मोटरवर हसल्या. आपली वाक्यं आली की मान डोलवायच्या, आणि कुंदाअक्कांची वाक्यं आली की डोळे बारीक व्हायचे. ओळखलीच होती त्यांनी. एवढी वर्षं तो आवाज छतातून ऐकतायत. मी आपली वाचतेय. महालक्ष्म्यांपाशी आले. नाटकातली बाई, अक्का, दोन्ही मुखवटे पेटीतून काढते, पुसते, शेजारी-शेजारी मांडते.

सुमाअक्का म्हणाल्या, "दोन्ही तिचेच, असं सांगितलं होय तिनं तुला?"

समजावलं. म्हटलं, ही तुम्ही नाही, त्याही नाहीत, दोघींची मिळून केलेली एक बाई आहे. हे बोलताना मलाच कळलं की मी काय बोलतेय. या दोघींची मिळून एक. इतक्या वर्षांत कुणालाच जमलं नाही ते मी दुपारी चहाच्या आधी करून टाकलं.

"माझं एक अक्षर घालायचं नाही," एवढंच म्हणाल्या. कप उचलून आत गेल्या. मी पूर्ण प्यायलेही नव्हते.

वर तेच. कुंदाअक्का आधी खूप हसल्या, मग हसणं थांबलं. "खालच्या अक्कांनी दोन्ही आपलेच म्हणून लिहून घेतलंन् ना? वाटलंच मला." अहो नाही. "नको. साकू, पुरे झालं. माझं काढून टाक."

म्हणजे जुनं भांडण होतंच, मी नवं घालून दिलं. प्रत्येकीला वाटतंय दुसरीने दोन्ही मुखवट्यांवर हक्क सांगितला. आत्याबाईने लग्न मोडलं.

१८ जुलै

नवीनला सांगितलं. त्याचं म्हणणं, नावं नाहीत, घर नाही, कुणाला कळणार? म्हटलं, त्या दोघींना कळेल. तो म्हणाला, दोन बायका. मी म्हटलं, हो, दोनच.

वाद झाला. पहिला प्रयोग सोळा ऑगस्टला. त्यांचे शब्द काढले तर अक्काच्या तोंडात उरतं काय? नवीन म्हणाला, मग तू लिही, तुला येतं की. येतं. लिहून बघितलं. गुळगुळीत, पुस्तकी, कुणाचंच नसलेलं. फाडलं. शेवटी तो म्हणाला, महिनाअखेरपर्यंत दोघींचा होकार आण, नाहीतर मी त्यांच्या परवानगीशिवाय करतो किंवा प्रवेशच उडवतो. "तुझ्या सोवळ्यासाठी नाटक थांबणार नाही," असंही म्हणाला. मग माझ्यासाठी इडली मागवली. वाईट मुलगा नाही.

२४ जुलै, गुरुवार

गेले. आधी कळवलं नाही, कळवलं असतं तर नकोच म्हणाल्या असत्या.

सुमाअक्का दारातच उभ्या. "आज उपास आहे," म्हणाल्या. उपासाला कॉफी चालते, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. वर कुंदाअक्कांनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. बरं नाही म्हणाल्या. आवाज खणखणीत.

फाटकाशी रिक्षाची वाट बघत होते तेव्हा वरून उलथनं वाजलं. टण्. खाली मोटर सुरू झाली. म्हणजे त्या दोघींची बोलचाल चालू आहे. माझीच बंद झाली.

बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, "स्वल्प कुडीरी," थोडं प्या, म्हणाली. स्वल्प प्यायले. काय झालं म्हणून तिने विचारलं असतं तर कानडीत मला सांगता आलं नसतं, आणि मराठीत तरी काय सांगणार होते? नाटकाचा प्रश्न नाहीच हा. नवीनला वाक्यं हवी होती, मला गुरुवार हवा होता. दोन्ही माझ्याच हुशारीने घालवलं.

२६ जुलै

आज तालमीत एक गोष्ट झाली. लिहून ठेवते, नाहीतर पुढे म्हणेन की मलाच सुचली.

मुखवटे करणारा बाबा एकच घेऊन आला. दुसऱ्याचा रंग ओला. नवीन वैतागला, म्हणाला एकावरच करा आज. मेघनाने पेटी उघडली, मुखवटा पुसला, पाटावर ठेवला. पण ठेवला एका कडेला. दुसरा येणार आहे म्हणून सवयीने डावीकडे जागा सोडली तिने. मग फुलं वाहिली, कुंकू लावलं. त्या रिकाम्या जागेपुढेही एक फूल ठेवलं. चुकून. ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, चुकलं का म्हणून.

मी म्हटलं, थांब. हलवू नको.

कुणीच हललं नाही. नवीनसुद्धा.

बस, एवढंच. एकच मुखवटा. या बाईकडे एकच आहे. का, ते सांगायचं नाही. भांडणाची सगळी वाक्यं कापायची, दोघींचीही. कुंदाअक्कांची बाकीची वाक्यंही काढायची, आणि त्यांच्या जागी वरून फक्त उलथन्याचा आवाज. म्हणजे वर कुणीतरी आहे. दिसत नाही, बोलत नाही, पण आहे.

नवीनने विचारलं, लोकांना कळेल? म्हटलं, एकच का, हा प्रश्न पडला तरी पुरे. दुपारभर कापत बसले. इतकं कापलं आणि इतकं बरं वाटलं, असं पहिल्यांदा झालं.

३१ जुलै, गुरुवार

दारातूनच म्हणाले, पाच मिनिटं द्या, पायरीवर उभी राहून वाचते. सुमाअक्कांनी दार लावलं नाही. उभ्याने वाचलं. मुखवटा एक, जागा मोकळी, फूल.

चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "जागा कुठल्या बाजूला सोडतीय ती?"

डावीकडे, म्हटलं.

"बरोबर आहे. थोरली उजवीकडेच बसते आमच्यात. मी पण डावीकडेच सोडते." मग मला आत घेतलं. कॉफी दिली. घाल म्हणाल्या, नाव मात्र नको. पदराने डोळे पुसले आणि कांदा चिरत होते म्हणाल्या. घरात कांद्याचा वासही नव्हता.

वर गेले. कुंदाअक्कांची वाक्यं काढलीत हे आधीच सांगितलं, तर जरा हिरमुसल्या. म्हणजे काढ म्हणणार आपणच, आणि काढलं की रुसणार! उलथनं ठेवलंय म्हटल्यावर खुलल्या. पण डाव्या बाजूला जागा, हे ऐकलं आणि हात वर करून मला थांबवलं.

"म्हणजे ती बाई थोरलीवाली झाली. खालची." आणि मग, "माझ्याकडे उजवी बाजू मोकळी असते."

खाली डावी मोकळी, वर उजवी मोकळी, इतकी वर्षं, एका छताच्या दोन बाजूंना. आणि हे दोघींपैकी एकीलाही माहीत नाही. फक्त मला. जिभेवर आलं होतं. गिळलं. एकीचं दुसरीला सांगून मी काय केलं ते ताजं होतं.

आता या पण नाही म्हणणार, असं धरूनच बसले होते. कुंदाअक्का खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "असू दे. थोरल्या आहेत त्या."

मग लगेच, सरी, ठीक आहे, मी येणार आहे बघायला, मला पुढची खुर्ची पाहिजे, आणि परत कशी येणार ते तू बघ.

बसमध्ये उभं राहावं लागलं, तरी खूश. हेब्बाळच्या पुलावर आल्यावर मात्र एक विचार आला आणि तो काही चांगला नव्हता. या दोघी उद्या बोलायला लागल्या तर माझं काय? आज मी लागते, कारण जिना मीच चढते. मनाला म्हटलं, लाज वाटू दे. वाटली. पण विचार गेला नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

हेब्बाळ नाही. तालीम सकाळपासून. पत्रिकेचा मजकूर लिहिला, त्यात माझं नाव विसरले, नवीनने घातलं. मराठी संवादांची इंग्रजी पाटी पडद्यावर दाखवायची आहे, ती भाषांतरं केली. "असू दे" याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर अर्धी दुपार गेली. नाटकात ते वाक्य नाहीच. माझ्याच डोक्यात बसलंय.

सुमाअक्कांचा फोन आला होता. आली नाहीस? म्हणाल्या. फोन ठेवल्यावर ते दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकले, मनातल्या मनात.

१६ ऑगस्ट, शनिवार

दुपारचा प्रयोग झाला.

दोघींना वेगवेगळ्या गाड्या पाठवल्या होत्या. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या धरल्या, मधली माझी. एक इकडे, एक तिकडे, मध्ये मी, म्हणजे भिंत. पण पाट्या चालवणारी मुलगी तापाने पडली, आणि भाषांतरं माझीच, मग लॅपटॉपवर दुसरं कोण बसणार? मी गेले मागे, शेवटच्या रांगेच्याही मागे. तिथून मला त्यांची डोकी तेवढी दिसत होती. सुमाअक्कांचा पांढरा अंबाडा, कुंदाअक्कांचा काळा केलेला. मध्ये रिकामी खुर्ची.

मेघनाने मुखवटा मांडला. जागा सोडली. फूल ठेवलं. पाटी बदलायला मला एक क्षण उशीर झाला.

मग वरून उलथनं वाजलं. टण्.

आणि पहिल्या रांगेत सुमाअक्का उठून उभ्या राहिल्या. मोटर लावायला. भर प्रयोगात, अंधारात, पदर सावरत ताडकन उभ्या. क्षणभर कळेना त्यांना आपण कुठे आहोत. मागचे कुजबुजले. कुंदाअक्कांनी मान वळवून वर बघितलं, मग हात लांब केला, रिकाम्या खुर्चीवरून, आणि सुमाअक्कांच्या पदराचं टोक धरून खाली ओढलं. बसल्या.

पदर सोडला की नाही, ते इतक्या लांबून दिसलं नाही. मला बघायचं होतं. पाटी बदलायची होती.

टाळ्या पडल्या. नवीन रडत होता, तो नेहमीच रडतो. माणसांनी गाठायच्या आत मी बाहेर धावले. दोन्ही गाड्या उभ्या होत्या. सुमाअक्का पहिलीत मागे बसल्या होत्या. कुंदाअक्का आल्या, दुसऱ्या गाडीकडे बघितलं, "एकाच घरी दोन गाड्या कशाला?" असं ड्रायव्हरला मराठीतच म्हणाल्या, आणि पहिलीतच पुढे, त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. एक पुढे, एक मागे, दोघींची तोंडं दोन खिडक्यांकडे. गाडी गेली.

नाटक कसं होतं, ते दोघींनीही सांगितलं नाही. मी हात हलवत होते, तो कुणी पाहिला नसावा.

दुसऱ्या गाडीने मी घरी आले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पाच दिवस फोन नाही. एकीचाही नाही. आणखी प्रयोग लागलेत, नवीनने विचारलं, दोघींना पसंत पडलं ना? मी म्हटलं, विचारून सांगते. विचारायलाच गेले असं म्हणायचं. पुढच्या आठवड्यात गणपती, मागोमाग महालक्ष्म्या. बाजारात केवड्याचा वास होता, एक वेणी घेतली. मग म्हटलं, एक कुणाला देणार? दुसरी घेतली.

फाटकातच पाण्याचा आवाज आला. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, पाइपातून जास्वंदीवर धार लागलेली, अंगणात चिखल. मोटर घूं घूं चालू. खालच्या दाराला कुलूप. उलथन्याचा आवाज नाही. या घरात पाण्याचा थेंब कधी वाया गेलेला मी पाहिला नाही. जिन्याकडे धावले.

अर्ध्यात थांबले. वरून आवाज येत होते. दोघींचे. एकदम, एकमेकींवर चढून. शब्द धड कळत नव्हते. मुखवटा, सासूबाई, तुझ्या नवऱ्याने, तुमच्या नवऱ्याने. मध्येच भांडं आदळलं. मध्येच शांत. मग पुन्हा, आणखी जोरात. भांडत होत्या. इतक्या वर्षांचं साठलेलं, कचाकचा, तोंडाला तोंड देऊन भांडत होत्या.

बेल वाजवावी का? आत्याबाईने जावं का मध्ये? ज्या दारात आजवर दर गुरुवारी माझी वाट बघितली जायची, तिथे आज मी आलेय हे कुणाच्या गावीही नव्हतं. बरं वाटलं. वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? चांगलंच वाईट वाटलं.

वेण्या खालच्या दाराच्या कडीला अडकवल्या. दोन्ही.

मग व्हरांड्यात जाऊन मोटर बंद केली. वरून धार थांबली तरी कुणी विचारलं नाही, मोटर कुणी बंद केली म्हणून. मी पायरीवर बसून राहिले.